पाडून दाखवा, भाई

सत्तारभाईंवर मी जितकी चिडले तितकी आयुष्यात दुसऱ्या कोणावर चिडले नसेन. नवऱ्यावरसुद्धा नाही, आणि तिथं तर रोज नवं कारण मिळतं. सत्तारभाई माझ्या नात्यातले ना गोत्यातले. अमरावतीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि मी तिथं लग्नाचे अल्बम तयार करायचे, एवढाच संबंध. पण आजही कुठं काही पडल्याचा आवाज आला की आधी मला त्यांचा राग येतो आणि मग काय पडलं ते मी पाहते.

पहिल्या दिवसापासूनच सांगते. मी माहेरची अकोल्याची. लग्न होऊन अमरावतीला आले, घरबसल्या अल्बम डिझाइन शिकले आणि काम मागायला त्यांच्या दुकानात गेले. त्यांनी मला काय येतं, कुठं शिकले, काहीही विचारलं नाही. मागच्या कपाटातून एक दणकट काळा कॅमेरा काढला, काउंटरच्या बाजूला हात लांब केला आणि सोडून दिला. धप्पकन आवाज झाला. मी किंचाळले. भाई शांतपणे वाकले, कॅमेरा उचलला, फुंकर मारली, त्याला लेन्स लावली आणि माझाच फोटो काढला.

"पाह्यलं? काही झालं नाही. असा असते प्रोफेशनल क्यामेरा. आता सांगा ताई, काम कवापासून करता?"

कॅमेरा पाडण्याचा आणि माझ्या नोकरीचा काय संबंध, ते मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

पुढं समजलं की हा खेळ रोजचाच. लग्नाचं बुकिंग करायला जी जी मंडळी यायची त्यांच्यासमोर भाई कॅमेरा पाडायचे. बाकीचे फोटोग्राफर ड्रोन दाखवायचे, मोठ्या टीव्हीवर व्हिडिओ लावायचे. आमच्याकडं हे. वधूपित्याच्या तोंडचं पाणी पळायचं, बायका 'मायबाई!' करायच्या, आणि मग तोच कॅमेरा फ्लॅश मारून त्यांचाच फोटो काढायचा. "लग्न काही दोनदा होत नाही, बाप्पा," भाई म्हणायचे. "मशीन मजबूत पायजे." दर्यापूरकडचे, तेल्हाऱ्याकडचे लोक दर विचारायला यायचे आणि बुकिंग करून जायचे.

त्यात थोडी हातचलाखी होती, हे मी आठवडाभरात ओळखलं. काउंटरच्या आड काथ्याचं जाड पायपुसणं अंथरलेलं असायचं, ते गिऱ्हाइकाला दिसायचं नाही. पाडताना लेन्स काढलेली असायची. बोलता बोलता भाई हात गुडघ्यापर्यंत खाली आणायचे आणि मग सोडायचे. शिवाय सोडायचे ते बरोब्बर सपाट. "कोपऱ्यावर पडला त गेला," ते मला समजावून सांगायचे. "बुडावर पडला त उठून सलाम करते."

पण फसवणूकही म्हणता येणार नाही. कॅमेरा खरोखरच दणकट होता. आतून धातूचा सांगाडा, वरून रबर, सांधे असे बंद की धूळ आत जाणार नाही. परतवाड्याच्या रस्त्यावर चालत्या जीपमधून तो एकदा बाहेर पडला होता. एका लग्नात हळदीच्या घंगाळात बुडाला होता. बडनेऱ्याला कोणाच्या तरी लाडक्या भाच्यानं स्टेजवरून खाली ढकलला होता. लेकराचे लहानपणचे आजार आई जशा कौतुकानं सांगते तसं भाई हे सगळं सांगायचे. नव्या हलक्या कॅमेऱ्यांना ते 'पापड' म्हणायचे आणि हातसुद्धा लावायचे नाहीत.

माणूस कामाचा पक्का होता, हे कबूल करावंच लागेल. वरातीसमोर ते उलटे चालायचे. डोळा कॅमेऱ्याला, पाठ रस्त्याकडं, समोर नाचणारी पोरं, मागं वायरी, शेण, खड्डे. एकदाही मागं वळून पाहायचे नाहीत आणि एकदाही अडखळायचे नाहीत. नवरीला सांगायचे, "हसू नका बाई. फक्त हसू आल्यासारखं करा." एखादा बाप कपाळाला आठ्या घालून उभा असला की म्हणायचे, "काका, पोरीचं लग्न हाय, कोर्टाची तारीख नाही." बाप हसायचा आणि त्याच क्षणी फोटो निघायचा. पाठवणी झाल्याशिवाय लग्नघरचं जेवायचे नाहीत. पोट भरलं की हात जड होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. गालात मात्र कायम एक लवंग.

परतवाड्याच्या लग्नापासून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. सीझनमध्ये मी त्यांच्यासोबत लग्नांना जायचे, कारण आता लोकांना संध्याकाळपर्यंत मोबाइलवर रील लागते. तोवर भाईंची कीर्ती त्या सगळ्या भागात पसरली होती. नवरीचे मामा मोठे व्यापारी, अंगात भारी उत्साह. त्यांनी सूत्रसंचालकाच्या हातातला माइकच घेतला आणि म्हणाले, "मंडळी, हे अमरावतीचे सत्तारभाई. ह्यायचा क्यामेरा फुटतच नाही. पाडून दाखवा, भाई!"

सगळा मांडव ओरडायला लागला. पाडून दाखवा, पाडून दाखवा. मी भाईंना डोळ्यांनी खुणावत होते, नका, नका. लेन्स लावलेली होती. खाली पायपुसणं नव्हतं. पण हजारभर माणूस आपलं नाव घेऊन ओरडतंय म्हटल्यावर सत्तारभाई काय थांबतात. त्यांनी स्टेजच्या कडेला, सिमेंटच्या ओट्यावर, कॅमेरा सोडला. आवाज वेगळा आला. दुकानातला 'धप्प' मला पाठ होता, हा 'कट' असा होता. भाईंनी कॅमेरा उचलला, फ्लॅश उडाला, टाळ्या पडल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मामांनी भाईंना मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी मी ते फोटो कॉम्प्युटरवर उघडले आणि कपाळावर हात मारला. प्रत्येक फोटोची डावी बाजू लख्ख, आणि उजवी बाजू ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी. समूहाच्या फोटोंत उजवीकडं उभं असलेलं नवरीचं सगळं आजोळ धुक्यात गेलेलं. ज्या मामांनी पाडायला लावलं, नेमके तेच सगळ्यात पुसट.

"भाई, लेन्स गेली. ती बसते तो माउंटही वाकला असेल. नागपूरला दुरुस्तीला पाठवा."

"क्यामेरा चालू हाय ना?"

"चालू आहे, पण नीट पाहत नाही तो."

"चालू हाय त झालं. सीजनमधी कोन पाठवते?"

मग मी भिंतीवर वर्तमानपत्राचं अख्खं पान चिकटवलं, तिपाईवर कॅमेरा ठेवून त्याचा फोटो काढला आणि त्यांना स्क्रीनवर मोठा करून दाखवला. डावीकडची अक्षरं सुईसारखी, उजवीकडची फुगलेली. भाईंनी चष्मा वर केला, खाली केला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पेपरच तसा छापला असन."

अशा माणसाशी काय बोलायचं? पडून फुटलेला कॅमेरा निदान सांगतो तरी की मी फुटलो. न फुटलेला गप्प राहतो. बटण दाबलं की तोच आवाज येतो, तोच फ्लॅश उडतो, आणि आत एक काच केसभर सरकलेली असते. चालू असणं वेगळं आणि ठीक असणं वेगळं, हे मी त्यांना किती परींनी सांगितलं. शेवटी त्यांनी अकोल्याहून एक जुनी लेन्स आणली, फोटो बऱ्यापैकी ठीक यायला लागले आणि भाई म्हणाले, "पाह्यलं? क्यामेऱ्याले काही झालंच नव्हतं." माउंट तसाच वाकडा राहिला. मी कडा कापून कापून अल्बम करत राहिले.

मग तो उन्हाळ्यातला दुपारचा प्रसंग. बाहेर रस्ता तापलेला, बाजार सामसूम, दुकानात कूलरचा आवाज. मी प्लायच्या पार्टिशनमागं कॉम्प्युटरवर बसले होते. बाहेरच्या बाजूला धाडकन काहीतरी पडलं. मला वाटलं, एवढ्या उन्हात कोण आलं बुकिंगला? फटीतून पाहिलं तर दुकानात कोणी नव्हतं. भाई एकटे उभे होते. उजवा हात पुढं, बोटं अर्धवट वळलेली, जणू अजून काही धरलेलंच आहे. कॅमेरा पायपुसण्यापासून लांब, फरशीवर पडला होता. भाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "पाह्यलं? काही झालं नाही!"

रिकाम्या दुकानाला.

मी उठून बाहेर गेले.

"कोनाले दाखवून राहिले, भाई?"

ते दचकले. "कोनाले नाही. प्रॅक्टिस."

"कायची प्रॅक्टिस?"

"पाडाची."

आणि कॅमेरा उचलून ते पुसत बसले. डाव्या हातानं.

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडं नीट पाहायला लागले. जन्मभर इस्त्रीचा, दोन खिशांचा शर्ट घालणारा माणूस टी-शर्ट घालायला लागला होता. मला वाटलं होतं, साठीत हौस आली. हौस कसली, बटणं लागत नव्हती. चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरायचे. मेमरी कार्ड कॅमेऱ्यात घालायचं काम कधीपासून माझ्याकडं आलं ते मलाच कळलं नव्हतं. वरातीत उलटं चालताना पाय घासायला लागला होता. आणि कॅमेरा तर दर दोन-चार दिवसांनी पडत होता. कधी गिऱ्हाइकासमोर, कधी मांडवात. प्रत्येक वेळी ठरलेलं हसू, ठरलेलं वाक्य. लोकांना वाटायचं, भाईंचा खेळ सुरू आहे. कुठलं पाडणं होतं आणि कुठलं पडणं, हे त्यांच्याशिवाय कोणालाच सांगता आलं नसतं. त्या पाडण्याच्या कीर्तीआड त्यांनी हात लपवला होता.

मी सरळ विचारलं. "भाई, हात डॉक्टरले दाखवा."

"हाताले काय झालं? दिवसभर काम करून राहिला."

"मले दिसते काय करून राहिला ते."

तेव्हा त्यांनी दुकानाचं दार लोटलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे पाहा ताई. सत्तारचा हात हालते हे लोकायले समजलं, त कोन देईन आपल्या पोरीचं लग्न माझ्या हाती? अन् डॉक्टर काय म्हनन? आराम करा, क्यामेरा सोडा. शाईनचं लग्न होऊन जाऊ द्या. तिचं लग्न मले काढाचं हाय. मंग काय म्हनान ते करू."

शाहीन ही त्यांची एकुलती एक मुलगी. भाईंचं सगळं गोत अकोल्याचं. शाहीनही अकोल्याला चुलत्याकडं राहून शाळेत शिकवत होती. तिचं लग्न ठरलं होतं, तिथंच होणार होतं. दुसऱ्यांच्या शेकडो पोरींची लग्नं कॅमेऱ्यानं काढली, आपल्या पोरीचं आपणच काढायचं, हे भाईंनी तिच्या जन्मापासून ठरवून ठेवलं होतं. दुसरं काही मागणंच नव्हतं त्या माणसाचं. आणि तेवढ्यासाठीच ते डॉक्टरच्या दारात जायला तयार नव्हते.

"अहो, तोवर हात राहिला पाहिजे ना!" मी ओरडले.

"राहते न. क्यामेरा नाही राहिला का एवढा पडून?"

मी हरले नाही. त्यांच्या मागं भुणभुण लावली. शेवटी कंटाळून ते एकदा राजकमल चौकाजवळच्या एका दवाखान्यात गेले. मी स्वतः नंबर लावून दिला होता. दोन तासांनी परत आले ते खुशीत. मी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? भाई म्हणाले, "डॉक्टरले कुठं वेळ होता. पन तिथल्या कंपाउंडरच्या बहिनीचं लग्न हाय, बुकिंग घेऊन आलो." नंबर लागला तेव्हा भाई बाहेर त्या कंपाउंडरला मोबाइलवर अल्बम दाखवत होते. मी त्या दिवशी अर्धं काम टाकून घरी निघून गेले.

आणि मग हिवरखेडचं लग्न. तिथं जायला मी नकोच म्हणत होते, कारण भाईंचा हात त्या आठवड्यात फारच वाईट होता. पण घेतलेलं लग्न सोडायचं नाही, हा त्यांचा नियम. मंगलाष्टकं संपत आली. अंतरपाट खाली येणार, नवरा-नवरी एकमेकांना पहिल्यांदा पाहणार, हार घालणार. अख्ख्या लग्नातला हा एकच क्षण असा, जो चुकला तर मांडीवर घेऊन समजूत काढली तरी घरचे ऐकत नाहीत. भाई पुढं सरसावले. अंतरपाट खाली आला. आणि कॅमेरा त्यांच्या हातून सुटला.

कोपऱ्यावर पडला. लेन्सची काच तुटून गुरुजींच्या पाटापाशी गेली.

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळ्या मांडवानं. "वा, भाई, वा!" लोकांना वाटलं, भाईंनी बरोब्बर मुहूर्तावर खेळ केला. नवरदेवाचे मित्र शिट्ट्या मारायला लागले. नवरी आणि नवरदेवसुद्धा हार हातात धरून एकमेकांकडं पाहायचं सोडून भाईंकडं पाहत होते. आणि भाई वाकून सलाम करत होते. चेहऱ्यावर हसू, आणि कानशिलांवरून घाम गळत होता.

दुसरा कॅमेरा काढला. तोवर हार घालून झाले होते, ते काढून पुन्हा घातले. फोटोत नवरी हसते आहे, पण पहिल्यांदा पाहिल्याचं ते हसू नाही. हे अल्बम करणाऱ्याला कळतं. बाकी कोणाला कळलं नसेल.

परतीच्या वाटेवर मी खिडकीबाहेर पाहत बसले. बोलले असते तर भांडणच झालं असतं. अकोटला गाडी चहाला थांबली. भाईंनी ग्लास उचललाच नाही.

"टाळ्या वाजवल्या ना लोकायनं," ते म्हणाले.

"भाई, पुरे करा आता."

हात उलटा-सुलटा करून पाहत ते म्हणाले, "ताई, धरलेलं मले समजतच नाही आता. क्यामेरा हातात हाय का सुटला, हे पाहून समजते. पाहाले गेलो समोर, त हाताकडं कोन पाहीन?"

मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त.

"शाईनले सांगू नका," ते म्हणाले. ते लघवीला म्हणून हॉटेलमागं गेले तेवढ्यात मी शाहीनला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

पोरगी बापासारखी नव्हती. दुसऱ्याच दिवशी अमरावतीला आली आणि बापाला गाडीत घालून अकोल्याला घेऊन गेली. मीही सोबत गेले. तपासण्या झाल्या. दुखणं हाताचं नव्हतंच. मानेत मणक्याच्या आत नस दबत होती, कधीपासून दबत होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. केलं की पुढं वाढणार नाही. गेलेलं मात्र किती परत येईल, येईल की नाही, सांगता येत नाही. आणि मग त्यांनी विचारलं, "एवढ्या उशिरा का आणलं?" शाहीननं माझ्याकडं पाहिलं. मी भाईंकडं पाहिलं. भाई भिंतीवरचं मणक्याचं चित्र पाहत होते.

त्या प्रश्नाचं उत्तर मला आजही जाळतं. का आणलं नाही? पोरीचं लग्न काढायचं होतं म्हणून. कोणाची वाईट चाल नव्हती, पैशाची अडचण नव्हती, दवाखाना लांब नव्हता. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आणि हा माणूस रिकाम्या दुकानात 'काही झालं नाही' म्हणत उभा होता. लवकर गेले असते तर कदाचित हात राहिला असता. त्याच हातानं पोरीचं लग्न काढलं असतं. ज्यासाठी सगळं दडवलं, दडवण्यानंच ते गेलं.

ऑपरेशननंतर मी भेटायला गेले ते ठरवून, की चार शब्द सुनवायचेच. सुनवलेही. शाहीन आणि तिची आई ऐकत होत्या, तरी मी थांबले नाही. तुमच्या हट्टापायी झालं, म्हटलं. कॅमेऱ्याची अक्कल माणसाला लावत बसलात, म्हटलं. भाई गळ्यात पट्टा घालून, छताकडं पाहत पडले होते. माझं बोलून संपल्यावर त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं हळूच हालवून दाखवली.

"चालू त हाय ना, ताई?"

मी खोलीच्या बाहेर निघून गेले.

शाहीनचं लग्न ठरल्या वेळीच झालं, अकोल्याच्या एका लॉनवर. भाई पांढऱ्या शेरवानीत, गळ्यात पट्टा, पहिल्या रांगेतल्या खुर्चीत. आयुष्यात पहिल्यांदा ते लग्नात बसून होते आणि त्यांना बसता येत नव्हतं. फोटो काढायला तिथलाच एक तरुण फोटोग्राफर ठेवला होता. चांगला होता. भाईंनी त्याला सुखानं काम करू दिलं नाही. "मांगं हो. खाली बस. आता नाही, आता नाही... आता!" बिचारा 'हां चचा, हां चचा' करत होता. निकाह झाला, जेवणं झाली. रुख्सतीच्या, म्हणजे पाठवणीच्या आधी भाईंनी मला जवळ बोलावलं.

"क्यामेरा आनला?"

आणला होता. का आणला होता कोण जाणे. दुरुस्त होऊन आला होता तो नागपूरहून. नवा माउंट, नवी काच, सगळं बदलून. कॅमेऱ्याचं सगळं बदलून मिळतं.

"एक काढतो," ते म्हणाले.

"भाई, काहून हट्ट करून राहिले?"

"एक."

शाहीन नवरीच्या लाल पोशाखात समोर येऊन उभी राहिली. त्यांना मान वाकवता येत नव्हती म्हणून मी कॅमेरा उचलून त्यांच्या डोळ्याला लावला. खालून माझे दोन्ही हात, वरून त्यांचा उजवा. त्यांचं बोट बटणावर होतं, पण बटण काही दाबलं जात नव्हतं. "थोडं डावीकडं," ते म्हणत होते. "खाली घ्या. वर. बस. रोका." त्यांचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता. "आता," ते म्हणाले, आणि त्यांच्या बोटावर माझं बोट ठेवून मी दाबलं. मी समोर पाहिलंच नाही. माझं सगळं लक्ष कॅमेरा सुटू नये याकडं होतं.

पुढच्या महिन्यात शाहीनच्या अल्बमला बसलो. आम्ही दोघांनी मिळून केलेला तो शेवटचा अल्बम. त्यानंतर भाईंनी दुकान दुसऱ्याला दिलं आणि ते अकोल्याला भावाकडं राहायला गेले. अल्बमला बसलो त्या दिवशी मी मोठ्या स्क्रीनसमोर, ते बाजूच्या खुर्चीत. माऊस त्यांनी ओढून डाव्या हाताखाली घेतला होता आणि एक एक फोटो पुढं सरकवत होते. त्या तरुण फोटोग्राफरच्या प्रत्येक फोटोत काहीतरी खोट काढत होते. शाहीन प्रत्येक फोटोत कॅमेऱ्यात पाहून छान हसलेली. मग तो फोटो आला.

थोडा तिरपा होता. काच नवी, त्यामुळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लख्ख. शाहीन मधोमध, दिसत होती तेवढी सुंदर कुठल्याच फोटोत दिसली नव्हती. पण ती कॅमेऱ्यात पाहत नव्हती. तिचे डोळे किंचित खाली होते, भरलेले. ती बापाच्या हाताकडं पाहत होती.

मी भाईंकडं पाहिलं नाही.

"नजर चुकली," ते म्हणाले.

माणूस कॅमेऱ्यात न पाहता दुसरीकडं पाहतो, तेव्हा आमच्या धंद्यात असं म्हणतात. असा फोटो अल्बमला लावत नाहीत.

"काढून टाका," ते म्हणाले.

माझं डोकं पुन्हा तापलं. आतासुद्धा? आतासुद्धा ह्या माणसाला दिसत नाही? मी हात मांडीवर ठेवले आणि म्हटलं, "मी नाही काढणार. काढायचा तर तुमीच काढा."

फोटो निवडलेला होता, एकदा दाबलं की गेला असता. भाईंनी माऊसवरचं बोट उचललं, ठेवलं. स्क्रीनकडं पाहत राहिले. कितीतरी वेळ. गालातली लवंगही चावायची थांबली होती.

मग म्हणाले, "बोट चालत नाही ताई माझं. राहू द्या तो."

डावं बोट होतं ते. सकाळपासून पोरीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यांनी त्याच बोटानं पुढं सरकवले होते.